दीड किलो, बारीक

वसमत रस्त्याच्या आतल्या बाजूला
कुणाचं घर शोधायचं असेल तर माझ्या गिरणीवर या.
घर नंबर नाही सांगता येणार मला,
डबा सांगेन.
दुधाट्यांचा पितळी, कडी तुटलेला, सुतळीनं आवळलेला.
मुळ्यांच्या डालड्याच्या डब्यात पिवळा जोंधळा
आणि मूठभर उडीद, पिठाला चिकटा यावा म्हणून.
रजियाआपांच्या पिशवीत गहू,
गव्हावर दर खेपेला तीच चिठ्ठी:
मिरचीनंतर दळू नको, वैजनाथभाई.

गल्लीत लग्न निघालं की पत्रिकेआधी मला कळायचं.
येसराचं दळण यायचं.
भाजल्या हरभऱ्याचा, धण्याचा वास
आठ-आठ दिवस दगड सोडायचा नाही,
आणि ज्याचा त्या लग्नाशी काही संबंध नाही
त्याचीही भाकरी जरा लग्नाची लागायची.

आता फळीवर चार डबे.
त्यातला एक रिकामा,
न्यायला कुणी आलं नाही.

दगडाला टाकी लावायला
मंठ्याहून रामकिसन यायचा, महिन्याच्या महिन्याला.
आता फोन करतो. झिजला का, विचारतो.
झिजायला दळावं लागतं, मी म्हणतो.
मग आम्ही सोयाबीनच्या भावावर बोलतो.

रात्री साडेनऊला गाडीवरचं पोरगं थांबतं,
पाठीवर तांबडी चौकोनी पेटी.
मोबाइलमधल्या नकाशानं त्याला
माझ्या वट्ट्यापर्यंत आणून सोडलेलं असतं.
काका, दुधाटे?
तुटक्या कडीचे, असं म्हणणार असतो मी.
तिसरं दार, लोखंडी गेट, म्हणतो.
पेटीतून येणारा वास वाईट नसतो.
खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटतं.

जोंधळा परत येतोय, नाही असं नाही.
पण आता तो चिठ्ठीवर येतो,
साखरेच्या गोळ्यांखाली डॉक्टरनं लिहिलेला:
ज्वारी. रात्री. एक.
परवा दुधाट्यांचा धाकटा आला, गाडी चालूच ठेवून.
प्लास्टिकची बरणी. दीड किलो, बारीक.
पीठ घेतलं, पैसे मोबाइलवरून टाकले,
आणि गाडी बंद करून म्हणाला,
काका, हे करतात कसं?

मी तोंड उघडलं.
पाणी कढत पाहिजे. पीठ परातीत. तळव्यानं मळायचं,
आणि...
पुढचं काही येईना.
चाळीस वर्षं ह्या गल्लीला पीठ दिलं मी,
आणि भाकरी पाहिली ती फक्त ताटात आल्यावर.
त्याआधीचं म्हणजे एक पाठमोरी बाई,
बांगड्या, धूर,
आणि माझं ओरडणं, अजून एक आण.

उद्या सांगतो, म्हणालो त्याला.

कालिंदीचं मनगट दोन वर्षांपूर्वी सुजलं.
थापणं बंद, डॉक्टर म्हणाला.
बरं झालं, ती म्हणाली. हसून.
तेव्हापासून आमच्याकडं खिचडी, पाव,
कधी कधी ती तांबडी पेटीसुद्धा.
पण ते बरं झालं
माझ्याच्यानं अजून बारीक होईना,
किती वेळा दगडात घातलं तरी.

रात्री तिला विचारलं,
दुधाट्यांच्या पोराला दाखवशील का?
त्याला कामून, म्हणाली, तुम्ही या इकडं.
खुर्ची ओढली ओट्यापाशी,
पट्टा बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली.

पहिली परातीतच फाटली.
दुसरी उचलली तर अर्धी हातात, अर्धी तव्यावर.
पाणी फिरवा, ती म्हणाली.
वरून. अहो वरून. तेवढं नाही.
तिसरी कशीबशी फुगली,
कडेला कच्ची, मध्ये करपलेली.
गॅसवर पीठ, चष्म्यावर पीठ.
गिरणीत जन्म गेला, पण
पीठ असं अंगावर कधी आलं नव्हतं.

तिनं तुकडा मोडला. जवसाची चटणी लावली.
चावत राहिली बराच वेळ.
मी उभाच होतो, हात तसेच.

मग म्हणाली,
दळण जाडं झालंय हो तुमचं.
पहिल्यापासूनच असतंय.